पॉइंट गार्ड रॅप लिहितो, त्यावर हसायचं कसं?

*ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे, पण बहुतेक वेळ बेंचवर असतो. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, आणि हिपहॉप दोन्हीचं वेड आहे. गॅदरिंगला मी मराठीत दहा मिनिटांचा स्टँडअप केला. विषय होता, बास्केटबॉलवाल्यांना रॅपर का व्हायचं असतं आणि रॅपरना बास्केटबॉल का खेळायचं असतं. गळ्यात जाड चेन, उलटी टोपी, काळा गॉगल आणि दर वाक्याला 'यो यो'. हॉल खूप हसला. पण आमच्या टीमचा पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा खेळाडू, खरोखर रॅप लिहितो, मराठीत. शेवटची तीन मिनिटं त्याच्यावर होती. नाव घेतलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं. तो तिसऱ्या रांगेतच बसला होता. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, प्रॅक्टिसला पाससुद्धा देत नाही. एक मित्र म्हणतो, त्याला विनोद कळत नाही. दुसरा म्हणतो, हा विषयच सोड. पुढच्या महिन्यात हाच कार्यक्रम एका कॅफेत करायचा आहे. स्क्रिप्ट सोबत जोडली आहे. माफी मागू का? विषय सोडू का?*

*राखीव खेळाडू, पुणे*

प्रिय राखीव खेळाडू,

माफी माग, आणि ती याच आठवड्यात माग. कार्यक्रमाची तारीख तोंडावर आल्यावर मागितलीस, तर तू परवानगी काढायला आलास असं त्याला वाटेल. विषय मात्र सोडू नकोस. बास्केटबॉल आणि हिपहॉप यांची जी सोयरीक आहे, तिच्याइतका हसवणारा विषय खेळाच्या जगात मला तरी दुसरा दिसत नाही. मराठीत त्यावर कुणी मन लावून बोललेलं माझ्या ऐकण्यात नाही. तू बोलावंस असं मला फार वाटतं.

तुझी स्क्रिप्ट मी दोनदा वाचली. दहा मिनिटांत चेन सात वेळा येते, आणि एकाही खेळाडूचं नाव येत नाही. एकही मॅच नाही, एकाही रॅपरचा किस्सा नाही. दोन्हीचं वेड आहे असं तू लिहितोस, मग ते वेड कागदावर का उतरलं नाही? हॉल हसला तो पोशाखाला. पोशाखाचा हशा पिकला, आणि त्या हशात तू आपल्या मित्राला नेऊन उभं केलंस. त्याच्या ओळींबद्दल तू अवाक्षर काढलेलं नाहीस. 'आमच्यातही एक रॅपर आहे बरं का', एवढंच तीन मिनिटं फिरवून फिरवून म्हटलंस. त्याला लागलं असेल तर ते हेच.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, १५५व्या रस्त्यावर, रकर पार्क नावाचं उघडं कोर्ट आहे. १९८२ मध्ये हार्लेममध्ये दोन रॅप ग्रुपांची आपसात मॅच झाली, डिस्को फोर विरुद्ध क्रॅश क्रू. डिस्को फोरमधल्या ग्रेग मारियसनं त्यातूनच पुढे एक स्पर्धा उभी केली, ती नंतर या कोर्टावर आली आणि उन्हाळ्यात एनबीएतले मोठे खेळाडूही हौसेनं तिथे उतरू लागले. त्या कोर्टाची एक रीत मला फार आवडते. मॅच चालू असताना एक माणूस माइक घेऊन साइडलाइनवर फिरत असतो. तो खेळाडूंना टोपणनावं देतो, शॉट चुकला की तिथल्या तिथे टर उडवतो, सगळ्या पार्कला ऐकू जाईल अशी. पण ज्याची टर उडते तो कोर्टातच असतो. थोड्या वेळात बॉल त्याच्या हातात येतो, तो कुणाच्या तरी डोक्यावरून डंक मारतो, आणि माइकवाल्याला त्याच माइकवरून त्याचं कौतुक करावं लागतं.

आपल्याकडचा कलगी-तुरा आठव. सवाल टाकणाऱ्या शाहिराला समोरच्या फडाचा जवाब ऐकून घ्यावाच लागतो, कारण डफ त्यांच्याही हातात असतो. तू सवाल टाकलास तेव्हा तुझ्या मित्राच्या हातात बॉल नव्हता आणि डफही नव्हता. तो तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसला होता.

शॅकिल ओनीलच्या दोन गोष्टी सांगते, म्हणजे फरक लक्षात येईल. शॅक म्हणजे ७ फूट १ इंचाचा माणूस. एनबीएतला पहिला मोसम संपला आणि १९९३ मध्येच त्यानं रॅपचा अल्बम काढला. तो प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाख प्रतींचा टप्पा. हाच शॅक फ्री थ्रो लाइनवर उभा राहिला की प्रेक्षक श्वास रोखायचे. समोर अडवायला कुणी नाही, बोर्ड १५ फुटांवर, आणि कारकिर्दीत शंभरातले जेमतेम ५३ आत गेले. डिसेंबर २००० मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध एका मॅचमध्ये त्याला ११ फ्री थ्रो मिळाले आणि अकराच्या अकरा चुकले. माइकपुढे दहा लाखांची मजल मारणाऱ्या माणसाला १५ फूट पार होत नव्हते! हा विनोद करायला चेन लागत नाही, गॉगल लागत नाही.

तर पहिली गोष्ट. २०१९ मध्ये पोर्टलंडच्या टीमचा खेळाडू डेमियन लिलार्ड म्हणाला की शॅकपेक्षा आपण चांगले रॅपर आहोत. लिलार्ड रॅपमध्ये नवखा नव्हता. डेम डॉला या नावानं त्यानं तोवर अल्बम काढलेले होते. शॅक तेव्हा ४७ वर्षांचा, निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली. त्यानं चिडून मुलाखत दिली नाही, डिस ट्रॅक काढला, म्हणजे समोरच्याची टर उडवणारं रॅप गाणं. लिलार्डनं लगेच उलट डिस ट्रॅक काढला. शॅकच्या बोटात विजेतेपदाच्या चार अंगठ्या, लिलार्डच्या एकही नाही, आणि लिलार्डच्या ओळी ऐकल्या की अंगठ्या मोजायचं राहून जातं. लोकांनी आठवडाभर दोन्ही बाजू ऐकल्या, वाद घातले, पोट धरून हसले. कुणाचं काही गेलं नाही.

दुसरी गोष्ट २००८ च्या जूनमधली. शॅकचा लेकर्समधला जुना जोडीदार कोबी ब्रायंट. त्याचे लेकर्स अंतिम मालिका बॉस्टनकडून हरले होते, शेवटची मॅच तर ३९ गुणांनी. पुढच्या काही दिवसांत शॅक न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये स्टेजवर चढला आणि त्यानं कोबीवर फ्रीस्टाइल, म्हणजे जागच्या जागी रचलेला रॅप, केला. आपल्याशिवाय तुला जमत नाही, असा त्याचा सूर, आणि भाषा घाणेरडी. क्लब हसला. व्हिडिओ बाहेर आला. ॲरिझोनात मॅरिकोपा काउंटीच्या शेरिफनं शॅकला मानाचं पोलिसपद दिलं होतं. ती भाषा ऐकून त्यानं बॅज परत मागवले. सगळं गमतीत होतं, असं शॅक म्हणाला. असेलही. पण कोबी त्या क्लबमध्ये नव्हता. हसणारे सगळे शॅकच्या बाजूचे होते.

माणूस तोच, माइक तोच, डोकंही तेच. तुझी तीन मिनिटं यांतल्या कुठल्या गोष्टीच्या जवळची आहेत, ते तूच ठरव.

आता कॅफेतल्या कार्यक्रमाचं. लिल बी घे. चार मिनिटं त्याला दे, कारण या सगळ्या प्रकरणात त्याच्याइतका सोन्यासारखा ऐवज नाही. लिल बी हा कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा रॅपर, त्याचे चाहते त्याला बेस्ड गॉड म्हणतात. २०११ मध्ये केविन ड्युरंटनं ट्विटरवर त्याच्या गाण्यांना नावं ठेवली. लिल बीनं शाप दिला: हा कधी विजेतेपद जिंकणार नाही. आपल्या पुराणात दुर्वास जसा वाटेत थांबून शाप देतो, तसाच. ड्युरंट त्या वेळी ओक्लाहोमा सिटीकडून खेळत होता, लीगमधला सर्वात जास्त गुण करणारा खेळाडू. २०१२ ची अंतिम मालिका तो हरला. २०१३ ला त्याचा सहकारी वेस्टब्रुक याचा गुडघा गेला. २०१४ ला तो स्वतः लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि तरी अंतिम मालिकेच्या आधीच बाहेर पडला. पुढच्या वर्षी पायाचं दुखणं, फक्त २७ मॅच. २०१६ ला वॉरियर्सविरुद्ध तीन-एक अशी आघाडी घेतली आणि सात मॅचची मालिका गमावली.

मग ड्युरंट त्याच वॉरियर्सकडे गेला, म्हणजे लिल बीच्या घरच्या टीमकडे. लिल बीनं उःशाप दिला. २०१७ ला ड्युरंट विजेता झाला, अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडूही झाला.

मधल्या काळात २०१५ मध्ये जेम्स हार्डन हा दुसरा खेळाडू बास्केट टाकल्यावर हातानं भांड्यात ढवळल्यासारखी एक खूण करायचा. ही माझ्या नाचातली खूण आहे, श्रेय दे, असं लिल बीनं बजावलं. हार्डननं काही ते दिलं नाही. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतल्या चौथ्या मॅचमध्ये हार्डनचे ४५ गुण होते. पाचव्या मॅचमध्ये त्यानं ११ पैकी दोनच शॉट आत टाकले आणि इतक्या वेळा बॉल गमावला की प्लेऑफच्या इतिहासात तोवर एका मॅचमध्ये कुणी गमावला नव्हता. मालिका तिथेच संपली. हे तू आपल्या प्रेक्षकांना सांग. ज्यानं आयुष्यात बास्केटबॉल पाहिलेलं नाही, तो मावशीच्या वयाचा माणूसही हसेल, कारण शाप आणि उःशाप त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत.

ड्रेकचं एका मिनिटात होईल. टोरांटोच्या टीमचा मानद राजदूत असलेला हा रॅपर २०१९ मध्ये मिलवॉकीविरुद्धची मॅच चालू असताना साइडलाइनवर गेला आणि कोच निक नर्सचे खांदे चेपून आला. मिलवॉकीचे कोच रागावले. नर्स म्हणाले, मला कळलंसुद्धा नाही. स्टेजवर कुणाला तरी कोच म्हणून उभं कर आणि हे करूनच दाखव. रॅपर जे-झीचंही छोटंसं आहे. एनबीएतली नेट्स टीम त्याचीच आहे असं निम्मं जग समजत होतं, आणि त्याचा वाटा होता एका टक्क्याचा पंधरावा भाग.

पण चेन काढून टाक. स्क्रिप्टमधून आणि गळ्यातूनही. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

एनबीएमध्ये हिपहॉपचा पेहराव, वेण्या, टॅटू हे सगळं ज्याच्यामुळे रुजलं तो ॲलन आयव्हरसन. उंची सहा फूट, म्हणजे त्या जगात बुटका, आणि २००१ चा सर्वोत्तम खेळाडू. एनबीएच्याच एका मासिकानं २००० मध्ये मुखपृष्ठावर त्याचा फोटो छापताना त्याच्या अंगावरचे टॅटू पुसून टाकले. २००५ च्या ऑक्टोबरात कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी पेहरावाचे नियम आणले. टीमच्या कामावर असताना कपड्यांवरून चेन नको, पदकं नकोत, टोपी नको, बंद जागेत गॉगल नको. तुझ्या वेशभूषेची यादी या नियमांशी ताडून बघ, एकूण एक जुळते. हे नियम काळ्या तरुणांना नजरेसमोर ठेवून केले आहेत, असं खेळाडू तेव्हा उघड म्हणाले, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. तीच चेन बघून एका पिढीला गुंड ठरवलं गेलं होतं. पुण्याच्या हॉलमध्ये ती चेन घालून हशा मिळवताना तुझ्या मनात यातलं काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. आता माहीत झालं आहे.

आयव्हरसनचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. २००० मध्ये त्यानं रॅपचं गाणं केलं. त्यात बायकांबद्दल आणि समलिंगी लोकांबद्दल हीन शब्द होते. निषेध झाला, स्टर्न यांनी बोलावून घेतलं, त्यानं माफी मागितली, आणि तो अल्बम कधी बाहेर आलाच नाही. ही टीका रास्त होती, कारण ती त्याच्या शब्दांवर होती. रॅपरला त्याच्या शब्दांवर धर. तुझ्या मित्राच्या ओळीत यमक फुटकं असेल, मीटर लंगडत असेल, तर त्यावर बोलायचा तुला पूर्ण हक्क आहे. २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाताना आयव्हरसननं बिगी, टुपाक, रेडमन, जेडाकिस या रॅपरांचे आभार मानले. कारकीर्दभर माझ्या खेळाला यांचं संगीत होतं, असं तो म्हणाला. तो भाग मी पाहते तेव्हा दरवेळी गलबलून येतं.

आता एक प्रश्न, आणि तो मी तुझ्यावरच्या मायेपोटी विचारते. तू बेंचवर बसतोस. तो सुरुवातीच्या पाचात आहे, आणि वर रॅपही लिहितो. तीन मिनिटं त्याच्यावर घालवताना मनात थोडा हेवा होता का?

असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मग तो उघड बोल. जे. कोल हा मोठा रॅपर. २०२१ च्या मे महिन्यात १४ तारखेला त्याचा अल्बम आला आणि १६ तारखेला तो रवांडाच्या किगालीत बास्केटबॉल आफ्रिका लीगमध्ये पेट्रियट्स संघाकडून खेळायला उतरला, वयाच्या ३६व्या वर्षी. पहिल्या मॅचमध्ये तीन गुण. तीन मॅच खेळून परत. यावर जगभर विनोद झाले. पण टेरेल स्टॉग्लिन नावाचा खेळाडू, मोरोक्कोच्या संघाकडून खेळणारा, सरळ म्हणाला की त्यानं कुणाची तरी नोकरी घेतली, अशा लीगमध्ये जागा मिळवण्यासाठी माणसं आयुष्य घालवतात. ते विनोद आज मला आठवत नाहीत, स्टॉग्लिनचं वाक्य आठवतं. बेंचवर बसून त्या पोराला दोन्ही जमताना बघणं कसं असतं, हे तू स्टेजवर सांगितलंस, तर तो तुझ्या कार्यक्रमातला सगळ्यात खरा भाग होईल.

नागपूरला हॉस्टेलवर असताना आमच्या टीममध्ये एक मुलगी होती. डावखुरी, लेअप अप्रतिम. स्कोअरशीटच्या कार्बन कॉपीच्या पाठीमागे ती कविता लिहायची. अमरावतीहून मॅच खेळून एसटीनं परत येताना तो कागद आमच्या हाती लागला आणि आम्ही सगळ्या बसला ऐकू जाईल अशी ती कविता वाचली, सूर लावून. वाईट नव्हती कविता. तिनं कागद मागून घेतला, चार घड्या घातल्या आणि बुटात ठेवला. मोसमभर आमच्याशी नीट वागली, पासही देत होती. कागद मात्र पुन्हा कधी दिसला नाही. तुझा मित्र पास देत नाही म्हणजे त्याचा राग अजून जिवंत आहे. त्याच्याशी अजून बोलता येईल.

तर असं कर. प्रॅक्टिसच्या अर्धा तास आधी कोर्टावर जा, तो एकटा शूटिंग करत असेल तेव्हा. रिबाउंड घेऊन दे, चार-पाच बॉल न बोलता. मग म्हण, 'माझं चुकलं. तुझं लिहिलेलं मी ऐकलंच नव्हतं, नुसता हसलो.' 'तुला वाईट वाटलं असेल तर' असं म्हणू नकोस, त्याला वाटलंच आहे. नंतर त्याचं एखादं गाणं मागून घे आणि खरंच ऐक.

तो बोलायला लागला, तर त्याला स्क्रिप्ट दे आणि पेनही दे. लिलार्डनं इन्स्टाग्रामवर दर शुक्रवारी चार ओळींचा रॅप टाकायची रीत पाडली होती, कुणीही यावं आणि चार ओळींत उत्तर द्यावं. तसंच कॅफेत कर. तुझे त्याच्यावरचे विनोद तो आधी वाचेल, नको ते खोडेल, आणि कार्यक्रमात तुझं झालं की माइक घेऊन चार ओळींत तुला धुईल. पहिली ओळ बेंचवर येणार, तयारी ठेव.

तो नाही म्हणाला, तर ती तीन मिनिटं गेली असं समज. पुन्हा विचारू नकोस. त्या जागी रकर पार्कची २००३ ची गोष्ट सांग. त्या उन्हाळ्यात जे-झी आणि फॅट जो या दोन रॅपरांनी आपापल्या टीम उतरवल्या होत्या. दोघांनी एनबीएतले नावाजलेले खेळाडू गोळा केले आणि सगळं शहर अंतिम मॅचकडे डोळे लावून बसलं. १४ ऑगस्टला दुपारी चारच्या सुमारास न्यूयॉर्कची वीज गेली. पाच कोटी लोक अंधारात, ओहायोपासून टोरांटोपर्यंत. मॅच पुढे ढकलली गेली, आणि नव्या तारखेला जे-झी सुट्टीवर निघून गेला होता. त्याची टीम आलीच नाही. फॅट जोला न खेळताच विजेतेपद मिळालं.

घड्याळ लावून सांगून पाहिली मी ही गोष्ट. बरोबर तीन मिनिटं लागतात.

तुझी,
ताई